खिडकीतून खाली : ‘डिफेनेस्ट्रेशन’ या शब्दाचा अर्थ, घडण आणि मराठी प्रतिशब्द

नमस्कार. सतराव्या शतकातील युरोपच्या इतिहासावरील एका लेखमालेचे मराठी भाषांतर मी सध्या करते आहे. बाकीचा मजकूर बरा चालला असताना एका शब्दापाशी मी अडले आणि अजून तिथेच आहे. तो शब्द म्हणजे ‘डिफेनेस्ट्रेशन’. कोशातला त्याचा अर्थ अगदी नेमका आहे : एखाद्याला खिडकीतून बाहेर फेकून देणे. इतक्या विशिष्ट आणि इतक्या क्वचित घडणाऱ्या कृतीसाठी एखाद्या भाषेने स्वतंत्र नाम का बाळगावे, या कुतूहलातून मी त्याच्या मागे लागले. आता भाषांतराच्या निर्णयाआधी या विषयात रस असलेल्यांशी बोलावे म्हणून हा धागा उघडते आहे.

शब्दाची फोड सोपी आहे. ‘दे’ हा लॅटिन उपसर्ग ‘खाली’ किंवा ‘पासून दूर’ असा अर्थ देतो, ‘फेनेस्त्रा’ म्हणजे खिडकी, आणि शेवटी क्रियावाचक नाम घडवणारा ‘आतिओ’ हा प्रत्यय. तिन्ही जोडले की ‘देफेनेस्त्रातिओ’ तयार होतो. तिन्ही अवयव रोमन असल्यामुळे मी आधी समजून चालले होते की शब्दही रोमन असणार, आणि रोमच्या एखाद्या जुन्या शिक्षेशी त्याचा संबंध निघेल. प्रत्यक्षात तो निघाला प्रागमधल्या एका सकाळशी.

23 मे 1618 रोजी बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) प्रोटेस्टंट सरदार प्रागच्या किल्ल्यातील राजकीय कचेरीत शिरले. 1609 मध्ये सम्राट दुसरा रुडॉल्फ याने त्यांना धर्मस्वातंत्र्याची सनद दिली होती. ब्रौमोव्ह आणि ह्रोब येथील प्रोटेस्टंट देवळांवरून त्या सनदेचा भंग झाला, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हाच्या सम्राटाकडून आलेल्या धमकीवजा पत्रामागे कोण आहे, याचा जाब त्यांनी तिथल्या राजप्रतिनिधींना विचारला. व्हिलेम स्लाव्हाता आणि यारोस्लाव्ह बोर्झिता मार्टिनित्स या दोघांना दोषी ठरवण्यात आले आणि त्यांना उचलून खिडकीबाहेर टाकण्यात आले. स्लाव्हाताने चौकटीला घट्ट धरून ठेवले होते, तेव्हा त्याच्या बोटांवर खंजिराच्या मुठीने प्रहार करून ती सोडवावी लागली. त्यांच्या पाठोपाठ त्यांचा चिटणीस फिलिप फाब्रित्सिउस यालाही फेकले. सुमारे 21 मीटर उंचीवरून पडूनही तिघे जगले. कॅथलिक पक्षाने याचे श्रेय माता मेरी आणि देवदूतांना दिले, तर प्रोटेस्टंट पक्षाने ते खाली साचलेल्या उकिरड्याला दिले. भिंतीचा खालचा उतार आणि अंगावरचे जाड झगे यांमुळे आघात कमी झाला असावा, असे अलीकडचे इतिहासकार म्हणतात. फाब्रित्सिउसला पुढे सरदारकी मिळाली आणि तिच्याबरोबर जे जर्मन नाव मिळाले त्याचा अर्थच ‘उंचावरून पडलेला’ असा होता. या घटनेतून जे युद्ध पेटले ते 1648 पर्यंत, तीस वर्षे, चालले.

इंग्रजीत हा शब्द या घटनेनंतर एक-दोन वर्षांतच लिखित स्वरूपात सापडतो. म्हणजे शब्दाचे सुटे भाग दोन हजार वर्षांचे आहेत, पण त्यांची जुळणी चारशे वर्षांपूर्वीची आहे, आणि तीही एका घटनेपुरती. माझे दोन प्रश्न आहेत. एक, रोमन लोकांकडे असा शब्द नव्हता हे आपण कितपत ठामपणे म्हणू शकतो? आणि दोन, मराठीत याला काय म्हणावे? पहिल्या खर्ड्यात मी ‘खिडकीतून फेकण्याची घटना’ असे लिहिले आहे. ते चुकीचे नाही, पण इतिहासात विशेषनामासारखे रुजलेले एक नाव त्यात विरघळून जाते, आणि ते मला पटत नाही.

प्रतिसाद १

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. अभिजात लॅटिनमध्ये ‘देफेनेस्त्रारे’ असे क्रियापद नाही. एखादा शब्द नव्हता हे सिद्ध करणे एरवी अवघड असते, हे मान्य. परंतु जिथे तो हमखास यायला हवा होता अशा जागी तो आलेला नाही, हे दाखवता येते आणि तो पुरावा बऱ्यापैकी वजनदार ठरतो.

बायबलमध्ये राणी ईझेबेल हिच्या मृत्यूची कथा आहे. येहू नगरात येतो, राणी खिडकीतून खाली पाहते, आणि येहूच्या सांगण्यावरून तिचे सेवकच तिला खाली ढकलून देतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस आणि पाचव्याच्या आरंभी संत जेरोमने केलेल्या लॅटिन भाषांतरात या प्रसंगी ‘फेनेस्त्रा’ हा शब्द आहे, आणि लगेच पुढच्या ओळींमध्ये फेकण्याची आज्ञाही आहे. मात्र त्या आज्ञेत जे क्रियापद आहे ते ‘प्राएकिपितारे’. खिडकी समोर आहे, फेकणे समोर आहे, तरी दोहोंना एका शब्दात बांधण्याची गरज त्या भाषेला वाटली नाही.

‘प्राएकिपितारे’ म्हणजे डोके पुढे करून खाली लोटणे. ‘कापुत’ म्हणजे डोके, त्यापासून हे क्रियापद घडले आहे. रोममध्ये देशद्रोह्यांना तार्पेयी खडकावरून खाली टाकत, त्या शिक्षेच्या वर्णनात हे क्रियापद येते आणि ‘देइकेरे’, म्हणजे खाली फेकणे, हेही येते. रोमनांनी माणसाला कोणत्या जागेवरून टाकले हे वेगळ्या शब्दाने सांगितले आणि टाकण्याची क्रिया सर्वसामान्य ठेवली. इंग्रजीतला ‘प्रेसिपिटेट’ याच मुळातून आला. रसायनशास्त्रात द्रावणातून तळाशी बसणाऱ्या पदार्थाला आपण मराठीत ‘अवक्षेप’ म्हणतो, त्यातही ‘अव’ म्हणजे खाली आणि ‘क्षेप’ म्हणजे फेकणे आहेच. परिभाषा घडवणाऱ्यांनी तिथे मूळ प्रतिमा जपली, याचे मला विद्यार्थी असल्यापासून कौतुक वाटत आले आहे.

प्रतिसाद २

माहितीपूर्ण धागा. एक शंका आहे. प्रागमधली अशी पहिली घटना 1419 ची मानली जाते असे मी वाचले आहे. मग शब्द 1618 नंतर कसा जन्मला? दोनशे वर्षे त्या घटनेला काय म्हणत होते?

धागालेखिका (प्रतिसाद २ ला उत्तर)

आपली शंका रास्त आहे, आणि मूळ लेखनात मी याविषयी लिहायला हवे होते. 30 जुलै 1419 रोजी यान झेलिव्हस्की या धर्मोपदेशकाच्या मागे हुस्साइट पंथीयांची, म्हणजे यान हुस या धर्मसुधारकाच्या अनुयायांची, मिरवणूक प्रागच्या नव्या नगरातील नगरभवनापाशी गेली. कैदेतल्या आपल्या माणसांना सोडावे अशी त्यांची मागणी होती. वाद वाढला, जमाव आत घुसला आणि नगराध्यक्षासह काही सदस्यांना खिडक्यांतून खाली टाकण्यात आले, जिथे लोक शस्त्रे रोखून उभे होते. तिथे कुणी वाचले नाही. चार वर्षांपूर्वी, 1415 मध्ये, यान हुस याला कॉन्स्टन्स येथे जिवंत जाळण्यात आले होते, त्याचा क्षोभ या घटनेमागे होता. यानंतर हुस्साइट युद्धे सुरू झाली. 1483 मध्येही प्रागच्या नगरभवनांत असाच प्रकार घडला, परंतु सामान्य इतिहासग्रंथांत त्याचा उल्लेख कमी येतो.

या घटनांना ‘डिफेनेस्ट्रेशन’ हे नाव मागाहून लागले. 1618 च्या घटनेमुळे शब्द तयार झाला, आणि तयार झाल्यावर तो मागे जाऊन 1419 लाही चिकटला. आज आपण ‘पहिले’ आणि ‘दुसरे’ असे क्रमांक लावतो, तेव्हा जणू सुरुवातीपासूनच ती एक परंपरा होती असे भासते. 1618 च्या सरदारांना 1419 ची आठवण होती आणि त्यांनी ती जाणीवपूर्वक जागवली, असे इतिहासकार मानतात. म्हणजे कृतीची परंपरा होती, तिचे नाव मात्र नव्हते. भाषांतर करताना 1419 च्या प्रकरणात हा शब्द वापरला तर तो त्या काळातील लोकांच्या तोंडी जाणार नाही, एवढी काळजी मी घेणार आहे.

प्रतिसाद ३

मी पेशाने पेशीविज्ञानाची अध्यापक आहे. इतिहासाविषयी माझा अधिकार नाही, पण हाच शब्द आमच्या विषयात अगदी वेगळ्या अर्थाने येतो आणि तो फरक या चर्चेत उपयोगी पडेल असे वाटते.

यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराला अतिशय बारीक छिद्रे असतात. त्यांचा व्यास साधारणपणे 50 ते 200 नॅनोमीटर असतो. रक्तातील द्रव आणि लहान कण या छिद्रांतून यकृतपेशींपर्यंत पोहोचतात. या छिद्रांना ‘फेनेस्त्रा’च म्हणतात, आणि मूत्रपिंडातल्या गाळणी करणाऱ्या केशवाहिन्यांतही अशीच गवाक्षे असतात. वाढत्या वयात किंवा यकृत तंतुमय होऊ लागल्यावर ही छिद्रे कमी होतात, बुजतात. या बदलाला आमच्या लेखनात ‘डिफेनेस्ट्रेशन’ म्हणतात. इथे खिडकीतून कुणीही फेकले जात नाही. इथे खिडक्याच नाहीशा होतात.

हे कसे घडले? उत्तर ‘दे’ या उपसर्गात आहे. लॅटिनमध्ये तो ‘वरून खाली’ आणि ‘पासून दूर’ या अर्थांनी चालतो, आणि त्यातूनच ‘काढून घेणे, रहित करणे’ हा अर्थही निघतो. इंग्रजीत ‘डीरेल’ म्हटले की गाडी रुळावरून घसरते, रूळ कुठे जात नाहीत. ‘डीफॉरेस्टेशन’ म्हटले की जंगलच नष्ट होते. उपसर्ग तोच, पण एका ठिकाणी नामाने सांगितलेली जागा शाबूत राहते आणि दुसऱ्या ठिकाणी तीच वस्तू जाते. प्रागमधले डिफेनेस्ट्रेशन पहिल्या जातीचे आहे, यकृतातले दुसऱ्या.

मराठीत हा घोळ होत नाही, कारण आपण दोन वेगळी साधने वापरतो. ‘पदच्युत’ मध्ये पद राहते आणि माणूस जातो, ‘निर्वनीकरण’ मध्ये वन जाते. म्हणून आमच्या विषयासाठी ‘निर्गवाक्षीकरण’ हा शब्द वर्गात मी वापरते. तो जड आहे हे मला ठाऊक आहे, पण तो ऐकल्यावर विद्यार्थ्याचा गैरसमज होत नाही. तुमच्या भाषांतरासाठी तो अर्थातच चालणार नाही.

प्रतिसाद ४

प्रतिसाद ३ मधील उपसर्गाचे विवेचन फार आवडले. मला ‘फेनेस्त्रा’ या मधल्या अवयवाविषयी सविस्तर लिहायचे आहे, कारण माझ्या मते या शब्दाचा सर्वांत समृद्ध भाग तोच आहे.

‘फेनेस्त्रा’ लॅटिनमध्ये कुठून आला याचे समाधानकारक उत्तर लॅटिनमध्ये मिळत नाही. ‘दाखवणे, दिसणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूशी त्याचा संबंध जोडण्याचा प्रयत्न जुन्या अभ्यासकांनी केला, पण तो टिकला नाही. रोमनांच्या उत्तरेकडचे शेजारी एट्रुस्कन यांच्या भाषेतून तो आला असावा असे मत अधिक प्रचलित आहे. म्हणजे ज्याला आपण ‘लॅटिन शब्द’ म्हणतो तो लॅटिनमध्येही बहुधा पाहुणाच होता.

रोमन लेखक तो लाक्षणिक अर्थानेही वापरत. भिंतीतील बाण मारण्याच्या फटीलाही तो लागे, आणि ‘वाव, संधी, पळवाट’ या अर्थानेही येई. सम्राट तिबेरिअस याने सिनेटला दिलेला एक इशारा रोमन चरित्रकार सुएटोनिअसने नोंदवला आहे. त्याचा आशय असा की, ही खिडकी एकदा उघडलीत तर दुसरे कोणतेही काम होणार नाही, जो तो आपली वैरे याच मिषाने तुमच्यापुढे आणील. खिडकीतून माणसे नव्हे, भांडणे आत येतील अशी ही प्रतिमा आहे.

पुढे या शब्दाची वाटणी मोठी रंजक झाली. इटालियनमध्ये ‘फिनेस्त्रा’, फ्रेंचमध्ये ‘फनेत्र’, रुमानियनमध्ये ‘फेरेआस्त्रा’, आणि रोमन साम्राज्याबाहेरच्या जर्मनांनीही तो घेतला, त्याचे ‘फेन्स्टर’ झाले. स्वीडिशमध्ये ‘फेन्स्टर’शी नाते सांगणारा शब्द आहे, वेल्शमध्येही आहे. पण लॅटिनच्या सख्ख्या लेकींपैकी दोघींनी तो टाकून दिला. स्पॅनिशमध्ये खिडकी म्हणजे ‘व्हेंताना’, जो ‘व्हेंतुस’ म्हणजे वारा यापासून आला. पोर्तुगीजमध्ये ‘जानेला’, जो ‘यानुआ’ म्हणजे दार याच्या लघुत्वदर्शक रूपापासून आला, म्हणजे ‘लहानसे दार’.

इंग्रजीतला ‘विंडो’ही लॅटिन नव्हे. तो स्कँडिनेव्हियन ‘विंदाउगा’ पासून आला, ‘विंद’ म्हणजे वारा आणि ‘आउगा’ म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा. त्याआधीच्या जुन्या इंग्रजीतील शब्दाचा अर्थ ‘डोळ्याचे भोक’ असा होता, आणि गॉथिकमध्ये तर ‘डोळ्याचे दार’ असा. रशियनमध्ये ‘अक्नो’ म्हणजे खिडकी आणि ‘ओको’ म्हणजे डोळा. मध्ययुगीन इंग्रजीत फ्रेंचमधून आलेला ‘फेनेस्टर’ काही शतके ‘विंडो’च्या जोडीने नांदला आणि सोळाव्या शतकाच्या सुमारास मागे पडला. म्हणून इंग्रजी वाचकाला ‘डिफेनेस्ट्रेशन’ मधली खिडकी दिसत नाही. फ्रेंच किंवा इटालियन वाचकाला ती तात्काळ दिसते, आणि त्यामुळे त्यांच्याकडे हा शब्द तितकासा विचित्र वाटत नाही.

आता आपल्याकडे पाहा. वारा, डोळा आणि लहान दार, या तिन्ही प्रतिमा संस्कृत-मराठीत हजर आहेत. ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याची वाट, स्पॅनिश शब्दाचा सख्खा भाऊच म्हणावा असा. ‘गवाक्ष’ म्हणजे गाईबैलाचा डोळा, आणि फ्रेंचमध्ये छोट्या गोल खिडकीला जे नाव आहे त्याचाही शब्दशः अर्थ ‘बैलाचा डोळा’ असाच आहे. हे एकमेकांकडून घेतलेले नाहीत. भिंतीतले भोक पाहून दूरदूरच्या माणसांना तेच सुचले. आणि आपली रोजची ‘खिडकी’ ही ‘खडक्किका’ या शब्दाच्या कुळातली आहे, ज्याचा अर्थ आडबाजूचे खासगी, लहान दार असा कोशांत दिला आहे. म्हणजे ‘खिडकी’ आणि पोर्तुगीज ‘जानेला’ या दोघी मुळात दारेच आहेत. ज्या दारातून माणूस सरळ चालत जाऊ शकत नाही, त्यातूनच त्याला बाहेर काढण्याचा हा प्रकार, असा विचार केला की तुमच्या शब्दातील अपमानाची छटा अधिक स्पष्ट होते.

प्रतिसाद ५

वरील प्रतिसाद वाचनीय आहे. मी जर्मन शिकवतो, म्हणून एक मुद्दा जोडतो. जर्मनमध्ये या घटनेला ‘प्रागर फेन्स्टरष्टुर्त्स’ म्हणतात. ‘ष्टुर्त्स’ म्हणजे कोसळणे, पडणे. लॅटिन शब्दात फेकणारा गृहीत आहे, जर्मन नामात मात्र पडणे पुढे येते आणि फेकणारा हात ओझरता होतो. एकाच घटनेची ही दोन नावे दोन बाजूंनी पाहतात, एक खिडकीच्या आतून आणि एक खंदकातून.

हा फरक केवळ शाब्दिक नाही. 10 मार्च 1948 रोजी चेकोस्लोव्हाकियाचे परराष्ट्रमंत्री यान मासारिक प्रागच्या चेर्निन प्रासादात आपल्या स्नानगृहाच्या खिडकीखाली मृतावस्थेत सापडले. कम्युनिस्टांनी सत्ता घेऊन काही दिवसच झाले होते. अधिकृत निष्कर्ष आत्महत्येचा होता. पुढे अनेकदा चौकश्या झाल्या, आणि त्यांपैकी एक 2021 मध्ये निश्चित निर्णयाविना बंद झाली. या मृत्यूलाही अनेक लेखक प्रागच्या डिफेनेस्ट्रेशनांच्या मालिकेत बसवतात. तसे करणे म्हणजे त्यांना कुणीतरी ढकलले असा निकाल देणे होय. शब्द निवडताच लेखकाने खटल्याचा निर्णय दिलेला असतो, आणि वाचकाला ते कळतही नाही.

मराठीत हा भेद एका मात्रेने दाखवता येतो, ही मला विलक्षण सोय वाटते. ‘पतन’ म्हणजे पडणे, ‘पातन’ म्हणजे पाडणे. गवाक्षपतन आणि गवाक्षपातन. 1618 साठी ‘गवाक्षपातन’ नेमका बसेल आणि 1948 साठी ‘पतन’ म्हटले तर लेखक आपल्या माहितीच्या पुढे जाणार नाही.

प्रतिसाद ६

‘गवाक्षपातन’ शास्त्रशुद्ध आहे यात शंका नाही, परंतु तो वाचताना मला कुणी पडताना दिसत नाही. छापलेल्या पानावर पतन आणि पातन यांतील फरक वाचकाच्या नजरेतून सहज निसटेल, आणि मुद्रणदोषाने अर्थ उलटेल ते वेगळेच. शिवाय ‘गवाक्ष’ म्हटले की लहानशी, नक्षीदार, उंचावरची खिडकी मनात येते. तिच्यातून तीन धट्टेकट्टे पुरुष बाहेर काढता येत नाहीत.

मराठीकडे या जातीचा एक शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे, तो म्हणजे ‘कडेलोट’. कडा आणि लोटणे. जागा आणि कृती एकत्र बांधलेले हे नाम लॅटिनने कधी घडवले नाही, रोमनांना खडकाचा उल्लेख वेगळा करावा लागे, हे प्रतिसाद १ मध्ये आलेच आहे. त्याच साच्यात ‘खिडकीलोट’ का नसावा? तो ऐकताच कळतो, त्याला कोश लागत नाही, आणि ‘कडेलोट’ची सावली त्यावर पडत असल्याने त्यातली हिंसाही झाकली जात नाही. लॅटिन नावाने ती झाकली आहे असे मला नेहमी वाटते. सहा अक्षरांचा विद्वत्तापूर्ण शब्द उच्चारताना चौकटीवरची ती बोटे कुणाला आठवणार?

शब्दाचा दुसरा, आजचा अर्थही विसरू नये. इंग्रजी आणि फ्रेंच वृत्तपत्रांत एखाद्या नेत्याला पदावरून तडकाफडकी दूर केले की हा शब्द वापरतात. तिथे मराठीत नवे काही घडवण्याची मुळीच गरज नाही. ‘उचलबांगडी’ आहे. तिचाही मूळ अर्थ हातपाय धरून माणसाला उचलून नेणे असा शारीरिकच होता आणि पुढे तो पदावरून हटवण्यापुरता उरला. दोन्ही शब्दांनी तोच प्रवास केला आहे.

प्रतिसाद १ चे लेखक, पुन्हा

‘खिडकीलोट’ मलाही आवडला, तरी एक आक्षेप नोंदवतो. कडेलोट ही सत्तेने दिलेली शिक्षा असते. राजा हुकूम देतो आणि अपराध्याला लोटतात. प्रागमध्ये उलटे घडले, तिथे प्रजेच्या प्रतिनिधींनी राजाच्या माणसांना लोटले. सादृश्यामुळे ही उलटापालट पुसली जाऊ नये.

प्रतिसाद ६ चे लेखक, पुन्हा

आक्षेप योग्य आहे, पण मला तो शब्दाच्या बाजूचाच वाटतो. धागालेखिकेने दिलेला तपशील पुन्हा पाहावा. सरदार आत आले, त्यांनी पत्राविषयी जाब विचारला, दोघांना दोषी ठरवले आणि मग फेकले. फेकण्यापूर्वी त्यांनी न्यायनिवाड्याचा सारा विधी पार पाडला होता. आपणच आता सत्ता आहोत, हे त्यांना त्या विधीतून सांगायचे होते. म्हणून शिक्षेची छटा असलेला शब्द इथे खटकत नाही, उलट सरदारांचा दावा काय होता ते तो उघड करतो. 1419 च्या जमावाच्या बाबतीत मात्र तुमचे म्हणणे मी मान्य करतो. तिथे निवाडा नव्हता.

धागालेखिका

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे एकटीने विचार करून जे सुटले नव्हते ते आपण चार दिवसांत सोडवलेत.

माझा निर्णय असा झाला आहे. 1618 च्या प्रकरणात पहिल्यांदा ‘प्रागचा खिडकीलोट’ असे लिहीन आणि तिथेच एका वाक्यात ‘डिफेनेस्ट्रेशन’ हे युरोपीय नाव देऊन, ते या घटनेमुळेच घडले हे सांगेन. पुढे सर्वत्र ‘खिडकीलोट’ एवढेच राहील. 1419 साठी शब्द न वापरता वर्णन करीन, जमावाने सदस्यांना खिडक्यांतून खाली टाकले एवढेच. मूळ लेखकाने तिथे तो शब्द वापरला आहे, म्हणून हा बदल त्याला कळवून त्याची संमती घेईन, कारण हा भाषांतरकाराच्या अधिकारातला सहज बदल नाही. मासारिक यांच्याविषयी लेखमालेच्या शेवटी एक परिच्छेद आहे. तिथे मूळ मजकुरात ‘तिसरे डिफेनेस्ट्रेशन’ असे अवतरणचिन्हांत आहे. ती चिन्हे मी अगोदरच्या खर्ड्यात अनावश्यक समजून काढली होती. प्रतिसाद ५ वाचल्यावर ती तिथे का होती ते समजले, आणि आता ती परत घातली आहेत.

स्लाव्हाताच्या प्रसंगाचे वाक्य सध्या असे उतरले आहे : ‘त्याने चौकट सोडली नाही, तेव्हा खंजिराच्या मुठीने त्याची बोटे ठेचण्यात आली आणि मग त्याला लोटून देण्यात आले.’ यातील दोन्ही ‘ण्यात आले’ मला खुपत आहेत, कारण त्यांनी फेकणारे हात पुन्हा अदृश्य केले आहेत. ते आज रात्री कर्तरी करून घेते : ‘त्याने चौकट सोडली नाही, तेव्हा त्यांनी खंजिराच्या मुठीने त्याची बोटे ठेचली आणि त्याला लोटून दिले.’